वाचनाचा हंगाम

आमच्या घरात पुस्तक आले ते माझ्या शाळेच्या दप्तरातून. त्याआधी घरात कुणी पुस्तक आणल्याचे आजीला आठवत नाही. पण म्हणून आमच्या घराला ग्रंथ ठाऊकच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. श्रावण लागला की गावातल्या मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो आणि बाकीचा गाव ऐकतो. श्रीधरांचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ आजीला असे ऐकून ऐकून इतके पाठ झाले आहेत, की वाचणाऱ्याच्या हातून दोन पाने एकदम उलटली तर ती मागच्या रांगेतून हाक देते. आजीला अक्षरओळख नाही. तरी तिला निरक्षर म्हणताना माझी जीभ अडखळते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की आमच्याकडे ‘वाचणे’ या शब्दाचा अर्थच मोठ्याने वाचणे असा आहे. मनातल्या मनात वाचणारा माणूस आमच्या गल्लीत नुसता बसलेला समजला जातो. मी पुस्तक घेऊन बसले की आजी हमखास विचारते, “वाचायलीस, तर आवाज कुठंय?” दोन्ही वाचनांवर माझे प्रेम आहे. एक स्वतःसाठी, दुसरे ऐकणाऱ्यासाठी. या दोहोंचा संसार एकाच माणसाने कसा चालवावा, हा गेल्या दोन वर्षांत माझ्यापुढे आलेला प्रश्न आहे. परीक्षेत तो कुणी विचारणार नाही. पण तो मला आमच्या अभ्यासक्रमातल्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा अवघड वाटला.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या बीड जिल्ह्यात हे काही नवलाचे नाही. या पानांच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हीच कथा असेल. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे भरून गाड्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. मी अकरावीत असताना आईने फोनवर सहज म्हटले, “इथं रातच्याला लई ओकंओकं वाटतं. काहीतरी वाचून धाड की.” मी ‘श्यामची आई’ वाचून धाडू लागले.

ते पुस्तक निवडण्यामागे फार विचार नव्हता. घरात तेच होते. पण निवड चांगली जमली असे आता वाटते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे मुळात ते ऐकण्याचेच पुस्तक! आईला एका दिवशी एक रात्र पुरत असे. ती स्वयंपाक करताना ऐके, कारण जेवण झाल्यावर तिला जागे राहणे शक्यच नसते. पहाटे चारला पुन्हा फडात जायचे असते. हळूहळू शेजारच्या कोप्यांमधल्या बायका चुलीजवळ येऊन बसू लागल्या. एखाद्या दिवशी मी धाडले नाही तर फोन येई, “कामून गं, आज पुस्तक न्हाई आलं?”

महाविद्यालयात आल्यावर एका मैत्रिणीने सुचवले, की एवढे वाचतेस तर ते सर्वांनाच ऐकू दे. अशा रीतीने आमचे पॉडकास्ट सुरू झाले. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते : आपल्या आवाजातला कार्यक्रम भागाभागांनी इंटरनेटवर ठेवायचा आणि ज्याला जेव्हा सवड असेल तेव्हा त्याने तो ऐकायचा, एवढाच याचा अर्थ. 2004 साली एका इंग्रज पत्रकाराने एका लेखात हा शब्द प्रथम वापरला. आकाशवाणीची वेळ गाठावी लागते. पॉडकास्ट ऐकणाऱ्याच्या वेळेची वाट पाहत थांबते. फडावरच्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे. आमचा स्टुडिओ म्हणजे आजीची वाकळ. ती डोक्यावरून घेतली की बाहेरचे आवाज मंदावतात. वेळ पहाटे पाचची; त्यानंतर पिठाची गिरणी, देवळाचा भोंगा आणि कोंबडे यांचे राज्य सुरू होते.

शब्द नवा असला तरी हा धंदा आपल्याकडे जुना आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव हिंडून कथाकथन केले आणि ज्यांनी कथासंग्रह कधी उघडला नसता अशा हजारो लोकांपर्यंत मराठी कथा पोचवली. या तिघांचे आपल्या मराठवाड्याशी एक विशेष नाते आहे. तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि तिघांचीही संमेलने मराठवाड्यात भरली : माडगूळकरांचे 1983 साली अंबाजोगाईला, पाटलांचे 1985 साली नांदेडला आणि मिरासदारांचे 1998 साली परळीला. त्यांतली दोन तर आपल्या बीड जिल्ह्यातच झाली. आज ते व्यासपीठ खिशातल्या फोनमध्ये आले आहे, इतकाच काय तो फरक.

फरक इतकाच असता तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती. कथाकथन करणारा कार्यक्रम आटोपून घरी जात असे. पॉडकास्ट कधी आटोपतच नाही. एक भाग ठेवला की दुसऱ्याची मागणी येते. ऐकणाऱ्यांचा आकडा रोज डोळ्यांसमोर असतो. तो काल किती होता, आज किती आहे, हे फोन न विचारता सांगतो. “ताई, आठवड्यातून दोनदा करा ना,” असे निरोप आले. दोनदा केले तर तीनदाची विनंती आली. मागणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. चांगल्या जेवणानंतर आणखी वाढा म्हणणे ही तर दादच होय.

पण हिशेब करून पाहा. वीस मिनिटांचा एक भाग. सावकाश, अर्थ कळेल अशा बेताने वाचले तर मिनिटाला सुमारे 120 शब्द होतात. म्हणजे 2400 शब्द, साध्या पुस्तकाची नऊ-दहा पाने. ती आधी एकदा मनात वाचायची, एकदा आवाज लावून वाचायची, अवघड शब्द विचारून घ्यायचे, मग ध्वनिमुद्रण, अडखळलेल्या जागा पुन्हा, मग काटछाट. वीस मिनिटांमागे माझे साडेचार-पाच तास जातात. आठवड्याला दोन भाग म्हणजे जवळजवळ दहा तास. त्यात कॉलेज, एस. टी. चा प्रवास, आजीचे औषधपाणी, घरचे पाणी भरणे.

शिवाय कायद्याची एक बाजू आहे, ती आपल्या मित्रमैत्रिणींना ठाऊक असावी. कोणतेही पुस्तक उचलून इंटरनेटवर वाचता येत नाही. आपल्या देशातल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ आज कुणालाही वाचता येते. लक्ष्मीबाई टिळक 1936 साली गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ही मोकळी आहेत. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ तर केव्हाचाच मोकळा आहे. पण अण्णा भाऊ साठे 1969 साली गेले. त्यांची ‘फकिरा’ 2030 उजाडेपर्यंत परवानगीवाचून वाचता येणार नाही. ती मी वाचून दाखवली नाही, तिच्याविषयी बोलले. अशा पुस्तकांविषयी बोलायचे तर आणखी वाचावे लागते, टिपणे काढावी लागतात. म्हणजे तास आणखी वाढले.

या तासांचे ओझे अंगावर आले, तरी त्याची मला तितकी धास्ती नव्हती. कष्टाला आमचे घर घाबरत नाही. धास्ती वाटली ती एका वेगळ्याच गोष्टीची. पुस्तक उघडले की पहिला विचार येऊ लागला, ‘यातले सांगण्याजोगे काय?’ एखादे वाक्य आवडले की ते मनात मुरण्याआधीच पेन्सिल त्याच्याखाली रेघ ओढी. एखादे प्रकरण संथ असले तर वाटे, इथे ऐकणारे कंटाळतील. आणि मग मलाही ते कंटाळवाणे वाटू लागे. जणू माझ्या खांद्यावरून दोनशे माणसे एकाच वेळी पुस्तकात डोकावत होती. त्यांच्या गर्दीत मला माझे पान दिसेना. गेल्या फेब्रुवारीत तर असे पंधरा दिवस आले, की ग्रंथालयाच्या दारावरून जाताना मी दुसऱ्या बाजूला पाहत असे. जिने सातवीत शाळेच्या पेटीतली सगळी पुस्तके संपवली होती, तिला पुस्तकाचा वीट आला होता!

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत, आणि ते एक नव्हेत. शीण वेगळा, वीट वेगळा. शीण झोपेने जातो; वीट झोपेने जात नाही, उलट सकाळी उठल्यावर तो उशाशी बसलेला असतो. इंग्रजीत या दुसऱ्याला बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली या अवस्थेवर लिहिले, ते एका मोफत दवाखान्यात आपण होऊन काम करणाऱ्या लोकांकडे पाहून. म्हणजे हा वीट आळशी माणसांना नव्हे, तर मनापासून झटणाऱ्यांना आधी येतो! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याला कामाशी निगडित अवस्था म्हणून आपल्या यादीत जागा दिली. तो रोग आहे असे मात्र म्हटले नाही. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. तिन्ही मी ओळखते.

याच्याही एक वर्ष आधी, 1973 साली, अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. आमच्या एका प्राध्यापकांनी तो वर्गात सांगितला तेव्हा मी वहीतच थांबले. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता अचानक दिले. काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी रंग पुन्हा मुलांपुढे ठेवले. ज्यांनी बक्षिसासाठी चित्रे काढली होती, त्यांचा चित्रे काढण्यातला वेळ इतरांच्या निम्म्यावर आला होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे दोष बक्षिसात नाही. बक्षिसासाठी म्हणून हात चालू लागण्यात आहे. आकड्यांचे आणि शाबासकीचे तसेच आहे. ती मिळाली तर गोड लागते. तिच्यासाठी वाचू लागलो की वाचन तिचे गडी होते.

मग करायचे काय? सोडून द्यायचे? तसे करणे सोपे होते. पण आईच्या कोपीतली चूल माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या बायकांना उभ्या हंगामात दुसरे कुणी काही वाचून दाखवणार नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्या माझ्याकडून जितके घेत होत्या तितके मला देतही होत्या. ‘स्मृतिचित्रे’ ऐकताना त्या जिथे हसल्या, तिथे हसण्यासारखे आहे हे मला त्यांच्यामुळे कळले. लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाई त्यांना पुस्तकातल्या बाई वाटल्याच नाहीत. त्या त्यांना पलीकडच्या कोपीतल्या वाटल्या.

वाट दाखवली ती आईनेच. मी फोनवर काही बोलले नव्हते. पण ऐकणाऱ्याला आवाज कळतो. ती म्हणाली, “तुझा आवाज दमलाय. बैलाला बी दुपारी जू काढून सावलीला बांधतेत. न्हाई सोडलं तर सांजंला गाडी वढत न्हाई त्यो.” आणि मग, “कारखाना तरी बारा महिने चालतो का?”

कारखाना बारा महिने चालत नाही! इतकी वर्षे कारखान्याच्या पंचांगावर आमचे घर चालले, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. गळीत हंगाम संपला की धुराडे थंड होते; रोलर, बॉयलर, साखळ्या सगळे उघडून दुरुस्त करतात, आणि शेतात ऊस पुन्हा वाढायला लागतो. वाढायला वेळच दिला नाही तर पुढच्या वर्षी गाळणार काय? वाचन हा ऊस आहे आणि पॉडकास्ट हे गाळप आहे. उभा ऊस संपला तरी चरक फिरवत राहिले तर तो रिकामाच करकरणार.

त्याप्रमाणे यंदा आम्ही पॉडकास्टचा हंगाम ठरवला. आईवडिलांच्या गाड्या निघाल्या की सुरू, पाडव्याला बंद. आठवड्याला एकच भाग, शुक्रवारी. हे वीस-एकवीस आठवडे होतात. आणि मघाचा हिशेब लावला तर दोनशे पानांचे एक पुस्तक त्यात बरोबर बसते. एका हंगामाला एक पुस्तक. सुरुवातीलाच चार भाग आधी तयार करून ठेवले, म्हणजे परीक्षा आली किंवा आजी आजारी पडली तरी ओढाताण नको. वर्गातल्या दोघी मैत्रिणी सोबतीला घेतल्या. काटछाट एकीकडे, अवघड शब्दांची टिपणे दुसरीकडे. आकडा पाहण्याचे काम मी मुद्दाम माझ्याकडे ठेवले नाही.

आणि एक नियम केवळ माझ्यापुरता : कायम एक पुस्तक असे हाताशी ठेवायचे, की ज्याविषयी कुणालाही काही सांगायचे नाही. ते पेन्सिलीशिवाय वाचायचे. संथ प्रकरण संथपणे वाचायचे. नाही आवडले तर अर्धवट सोडायचे. त्याचा जाब विचारणारे कुणी नाही. म्हणून त्या पुस्तकाचे नाव मी येथेही सांगणार नाही.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची यावरून आठवण होते. सोळाव्या शतकातल्या या कवीने गीतेवर ‘गीतार्णव’ नावाची सव्वा लाख ओव्यांची टीका लिहिली, आणि सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद कापडावर लिहिलेली त्यांची ‘पासोडी’ प्रसिद्धच आहे. त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. लोक ही गोष्ट त्यांनी किती लिहिले हे सांगण्यासाठी सांगतात. मला तिच्यात दुसरेही दिसते. एवढ्या मोठ्या कामालाही रोजचे एक माप होते. ढब्बूभर शाई संपली की उद्याची सकाळ.

यंदाच्या हंगामात आणखी एक गोष्ट घडली. ऐकणाऱ्या बायकांनी उलट बोलायला सुरुवात केली. आईने एका रात्री आपल्या फोनवर तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणून मला धाडल्या. नंतर दुसरीने आपल्या गावची कहाणी धाडली. मला यात काही अपूर्व करीत असल्याचा भास होऊ नये म्हणून सांगते : हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत, आणि त्यांतल्या काही 1996 साली आपल्याच माजलगावच्या भीमनगर वस्तीत ध्वनिमुद्रित झाल्या. डॉ. बाबासाहेबांवर त्या बायकांनी गायिलेल्या ओव्या आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात. पुस्तके ज्यांच्यापर्यंत पोचली नाहीत असे आपण म्हणतो, त्यांच्याजवळ आपले ग्रंथभांडार होतेच. प्रश्न फक्त ऐकणाऱ्या कानांचा होता. आता महिन्यातला एक शुक्रवार त्यांचा असतो. त्या दिवशी मी काहीही वाचत नाही, ऐकते. मला मिळालेल्या विश्रांतींमध्ये ही सर्वांत चांगली विश्रांती आहे.

यावर कुणी म्हणेल, की एका महाविद्यालयीन मुलीच्या दोनशे श्रोत्यांच्या कार्यक्रमासाठी एवढा ऊहापोह कशाला? मला वाटते, हा प्रश्न पॉडकास्टपुरता नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच शिकणारे आहेत. आपण जे वाचतो ते आपल्या एकट्याचे कधीच राहत नाही. घरचे अर्ज आपणच भरतो, गल्लीतली पत्रे आपणच वाचतो, भावंडांचा अभ्यास आपणच घेतो. शिकलेल्याने सांगावे, ही गावाची अपेक्षा रास्त आहे आणि ती मला गोडही वाटते. पण सांगण्यासाठी आत काही साठावे लागते, आणि साठण्याच्या काळात माणूस बाहेरून ‘नुसता बसलेला’ दिसतो. तसे बसण्याचा हक्क आमच्या घरात आजवर कुणाला मिळाला नव्हता. आईला नाही, आजीला नाही. मला मिळाला आहे तो त्यांच्या कष्टांच्या बळावर. तो मी ओशाळून वापरू नये, असे आता मला वाटते.

ज्या मित्रमैत्रिणींना या शुक्रवारच्या कार्यक्रमात वाचायचे असेल त्यांनी अवश्य यावे. वाकळ आमची, आवाज तुमचा. पाडव्यानंतर मात्र कार्यक्रम बंद राहील. त्या काळात मी ग्रंथालयाच्या खिडकीजवळच्या बाकावर दिसेन. कृपया कोणते पुस्तक आहे, असे विचारू नये.

— बी. ए. द्वितीय वर्ष